तलबचिठी, मसाला व हाजिरजामीन : अटकेच्या जुन्या कागदांचा अर्थ कसा लावावा

जुन्या दप्तरांतून मोडी कागदांचे जे रुमाल आपल्या हातीं येतात, त्यांत एका विशिष्ट जातीचे चिटोरे नेहमीं आढळतात. चार-सहा ओळींचा मजकूर. अमक्या गांवच्या अमक्यानें हुजूर यावें अशी आज्ञा. ती घेऊन जाणाऱ्या ढालाइताचें किंवा जासुदाचें नांव. आणि त्या नांवाशेजारीं ‘मसाला रुपये’ असें लिहून एक आंकडा. संग्राहक मंडळी अशा कागदांची यादी करतांना बहुधा ‘अमक्यास अमुक रुपये दंड’ अशी नोंद करून मोकळी होतात. ही नोंद चुकीची आहे. ज्याच्यावर कसलाही गुन्हा शाबीत झालेला नाहीं, किंबहुना ज्याचें म्हणणें अद्याप कोणीं ऐकूनही घेतलेलें नाहीं, त्या माणसास आपण दोनशें वर्षांनंतर आपल्या हातानें गुन्हेगार ठरवितों, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें तर गैर आहेच, पण न्यायाच्या दृष्टीनेंही गैर आहे.

बोलावणें, धरणें, आरोप ठेवणें आणि तो शाबीत होणें या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. आजच्या फौजदारी कामांत प्रत्येक पायरीचा कागद वेगळा असतो. समन्स निराळें, वॉरंट निराळें, दोषारोपपत्र निराळें, निकाल निराळा. मराठी अमदानींत या पायऱ्या होत्या, परंतु त्यांचे कागद असे स्वच्छ निराळे नव्हते, आणि जे होते त्यांचीं नांवें अरबी, फारसी, तुर्की व देशी अशीं मिश्र असल्यामुळें आजच्या वाचकाची फसगत होते. ती कशी टाळावी हें सांगण्यासाठीं प्रथम थोडें धर्मशास्त्राकडे वळणें इष्ट आहे. कारण नांवें यावनी असलीं तरी त्यांच्या मागची कल्पना पुष्कळदां स्मृतींतील आहे.

स्मृतिकारांनीं प्रतिवादीस आणण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक आव्हान, म्हणजे राजाकडून बोलावणें. तें मुद्रा पाठवून करावें किंवा राजपुरुष पाठवून करावें. दुसरा आसेध. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत आसेधाचा अर्थ राजाज्ञेनें केलेला अवरोध असा दिला आहे. नारदस्मृतींत हा आसेध चार प्रकारचा सांगितला आहे : स्थानासेध, म्हणजे या जागेंतून हलूं नये असा, कालासेध, म्हणजे अमुक काळपर्यंतचा, प्रवासासेध, म्हणजे गांवीं जाऊं नये असा, आणि कर्मासेध, म्हणजे अमुक काम करूं नये असा. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, उत्तर देण्याचें टाळून निसटूं पाहणाऱ्या प्रतिवादीस राजाचें बोलावणें येईपर्यंत वादी स्वतःच आसेध करूं शके. आपल्याकडे सावकार ऋणकोच्या दारीं तगादा लावून बसे, त्यास उठूं देत नसे, प्रसंगीं स्वतः उपाशी राहून त्यासही उपाशी ठेवी, याचें मूळ या कल्पनेंत शोधावयास हरकत नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या तकाज्याचें बरेंच विस्तारानें वर्णन केलें आहे. तें वाचतांना त्या इंग्रज गृहस्थास झालेलें आश्चर्य जाणवल्यावांचून राहत नाहीं.

परंतु स्मृतिकार एवढ्यावर थांबले नाहींत. कोणास आसेध करूं नये याचीही यादी नारदानें दिली आहे, आणि ती माझ्या मतें सगळ्या व्यवहारप्रकरणांतील अत्यंत माणुसकीच्या भागांपैकीं एक आहे. विवाहास निघालेला, रोगानें पीडलेला, यज्ञास उद्युक्त झालेला, संकटांत सांपडलेला, दुसऱ्यानें आधींच अभियोग लावलेला, राजकार्यांत गुंतलेला. तसेच गुरें चारीत असतां गुराखी, पेरणीच्या दिवसांत शेतकरी, हातीं काम असतां कारागीर आणि लढाई चालू असतां शिपाई, यांस अडवूं नये. अडविल्यास अडविणाराच दंडास पात्र. शिवाय नदी उतरतांना, रानांत, वाईट मुलखांत किंवा दंगाधोप्यांत कोणी आसेध मोडून निघून गेला तर तो अपराधी होत नाहीं. अटक हा अधिकार आहे, आणि त्यास मर्यादा आहेत, हें तत्त्व या भूमींत बाहेरून आलें असें म्हणणाऱ्यांनीं हा भाग एकवार वाचावा.

आतां मसाल्याकडे येऊं. कात्यायनाचें एक वचन मिताक्षरेंत आलें आहे. त्याचा आशय असा कीं, पक्षकारास योग्य जामीन मिळत नसेल तर त्यास पहाऱ्यांत ठेवावें आणि पहारेकऱ्याचें वेतन दिवसाच्या अखेरीस त्यानेंच द्यावें. मसाला तो हाच. ज्याला आणावयाचें त्याच्या खर्चानें आणणाऱ्याचें पोट चालावें, अशी ही व्यवस्था. शब्द अरबी आहे. ‘मसालिह’ म्हणजे आवश्यक वस्तू, सामग्री. स्वयंपाकघरांतील मसाला आणि ढालाइताचा मसाला हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत, आणि दुसऱ्यानें पहिल्यापेक्षां अधिक लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलें असावें.

तेव्हां तलबचिठींतील आंकडा हा गुन्ह्याचें माप नाहीं. तो पाठविलेल्या माणसाचा खर्च आहे. गांव दूर असेल, एकाऐवजीं दोन माणसें पाठविलीं असतील किंवा पहिल्या तलबेस उत्तर न आल्यामुळें दुसरी धाडावी लागली असेल, तर तो वाढलेला दिसावा हें स्वाभाविकच आहे. वसुलाची बाकी थकविणाऱ्या पाटलावरही मसाला होई; वतनाच्या तंट्यांत दोन्ही पक्षांस बोलाविलें तर दोघांवरही होई. म्हणजे नुसत्या मसाल्यावरून प्रकरण फौजदारी होतें कीं दिवाणी हेंही ठरत नाहीं. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा खर्च निर्दोष ठरलेल्या माणसासही भरावा लागे, आणि ढालाईत दारांत बसून राहिला तर तो रोज वाढे. या रूढीचा उपयोग माणसास नमविण्यासाठीं होऊं शके हें उघड आहे. कागदावर दंड नसला तरी घरांत तो दंडासारखाच भासत असे.

तलब या शब्दाविषयीं एक इशारा. लष्करी कागदांत तलब म्हणजे शिपायाचा पगार. ‘तलब दिली’ म्हणजे वेतन चुकतें केलें. ‘तलब केली’ म्हणजे बोलावणें पाठविलें. पथकाच्या हिशेबाचा कागद अटकेच्या रुमालांत घालून ठेवल्याचीं उदाहरणें मीं स्वतः पाहिलीं आहेत. शब्दाचा अर्थ मागणी. मग ती पैशाची असो वा माणसाची.

माणूस हजर झाल्यावर काय होई? गांवपातळीवर पाटील व कुलकर्णी चावडींत बसत; महार किंवा येसकर बोलावणें पोंचवी; पळून जाण्याजोगा असेल त्यास खोड्यांत घालीत. वरच्या पायरीवर मामलेदाराची कचेरी, पुण्यासारख्या शहरीं कोतवाल, आणि त्याहून वर हुजूर. आलेल्या माणसाची तकरीर, म्हणजे त्याचें निवेदन, लिहून घेत. पुरसीस, म्हणजे प्रश्न, करीत. आणि चौकशी संपेपर्यंत त्यास दोहोंपैकीं एका स्थितींत ठेवीत : चौकींत किंवा जामिनावर.

‘जामीन’ या शब्दाचा आजचा अर्थ डोळ्यांपुढें ठेवून जुने कागद वाचूं नयेत. आज आपण ‘जामीन मिळाला’ म्हणजे सुटका झाली असें म्हणतों. जुन्या कागदांत जामीन हा माणूस आहे. तो आपल्या नांवानें कतबा लिहून देई आणि त्या कतब्यांत तो काय पतकरतो हें सांगितलेलें असे. अमक्यास बोलावाल तेव्हां हजर करीन, असें म्हणणारा तो हाजिरजामीन. पैसा त्यानें न भरल्यास मी भरीन, असें म्हणणारा तो मालजामीन. आणि त्याची वर्तणूक पुढें नीट राहील, असें म्हणणारा तो फैलजामीन. याज्ञवल्क्यानें प्रतिभू तीन प्रकारचा सांगितला आहे : दर्शनाचा, प्रत्ययाचा व दानाचा. दर्शनप्रतिभू म्हणजे हाजिरजामीन आणि दानप्रतिभू म्हणजे मालजामीन, हें उघड आहे. प्रत्यय म्हणजे विश्वास. त्याचें फैलजामिनाशीं कांहींसें नातें असलें तरी दोन्ही एकच असें मी म्हणणार नाहीं. कधीं कधीं जामिनास जामीन, त्यास पुन्हां जामीन, अशी सांखळीही घेत. स्वतः आरोपीनें लिहून दिलेला करार तो मुचलका. हा शब्द तुर्की आहे. मुचलका आणि जामीनकतबा हे दोन्ही कागद एकाच रुमालांत असतील तर त्यांची ताटातूट करूं नये, कारण एकावांचून दुसऱ्याचा अर्थ अर्धा राहतो.

आरोपी हा शब्द मीं वर सहज वापरला, पण व्याकरणाच्या दृष्टीनें तो संशयास्पद आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो ‘आरोपित’. ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा, असाही अर्थ होऊं शकतो. रूढीनें प्रतिवादीच्या गळ्यांत घातलेला हा शब्द आतां काढतां येण्यासारखा नाहीं. जुन्या कागदांत मात्र तो शोधूं नये. तेथें तोहमत, आळ, तुफान, कुभांड असे शब्द येतात. त्यांतही भेद आहे : तोहमत म्हणजे ठेवलेला दोष, मग तो खरा असो वा खोटा, पण तुफान किंवा कुभांड म्हटलें कीं लिहिणाराच तो दोष खोटा मानतो. कागद कोणाच्या बाजूचा आहे, हें पुष्कळदां या एका शब्दावरून कळतें.

शेवटीं निकाल लागल्यावर पैसे द्यावे लागत ते दोघांनाही. जिंकणारा संतोषानें देई ती हरकी किंवा शेरणी. हरणाऱ्याकडून घेत ती गुन्हेगारी. म्हणजे दंडाचा शब्द हवा असेल तर तो गुन्हेगारी, किंवा खंडफरोई. मसाला नव्हे, हरकी तर नव्हेच नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या वतनदार घराण्यांतील वृद्ध गृहस्थांनीं आपला रुमाल मला दाखविला. त्यांतील एक कागद त्यांनीं बाजूस काढून ठेविला होता. त्यांच्या पूर्वजावर तलब होऊन मसाला बसल्याचा तो कागद. घराण्याच्या अब्रूस बट्टा लागूं नये म्हणून तो जाळून टाकावा, असें त्यांच्या मनांत होतें. त्याच रुमालांत, कांहीं कागद पलीकडे, त्याच पूर्वजाच्या नांवची हरकी जमा झाल्याची नोंद होती. म्हणजे ज्यास ते कलंक समजत होते त्या प्रकरणांत तो मनुष्य जिंकला होता. तलबचिठी जळाली असती तर त्या जयाचा अर्धा पुरावाही जळाला असता. असे किती कागद या समजुतीपायीं चुलींत गेले असतील, याचा विचार मनास अस्वस्थ करतो.

चोरीच्या बाबतींत मात्र पद्धत निराळी आणि अधिक तातडीची होती. याज्ञवल्क्यानें साहस, चोरी, पारुष्य इत्यादि अभियोगांत तत्काळ उत्तर घ्यावें, इतरत्र मुदत द्यावी, असें सांगितलें आहे. चोर पकडण्याचीं चिन्हें त्यानें दिलीं आहेत तीं अशीं : हातीं सांपडलेला चोरीचा माल, पायांचा माग, पूर्वींचा अपराध आणि संशयास्पद वस्ती. त्यांपैकीं मागाचें महत्त्व आपल्या गांवगाड्यांत अगदीं अलीकडेपर्यंत टिकलें. गांवचा जागल्या किंवा रामोशी चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई, तेथें तो माग पलीकडील गांवच्या राखणदाराच्या हवालीं करी, आणि ज्या गांवीं माग जिरला त्या गांवावर भरपाईची जबाबदारी येई. एल्फिन्स्टनच्या अहवालांत या व्यवस्थेचेंही वर्णन आहे. यामुळें ‘माग’ शब्द असलेल्या कागदांत आरोप पुष्कळदां माणसावर नसून गांवावर असतो, हें विसरूं नये. पळून गेलेल्या माणसास परत आणण्यासाठीं कौल देत. असा कौलनामा म्हणजे अभयपत्र होय. निर्दोषत्वाचा दाखला म्हणून तो वाचणें ही उलट बाजूची चूक.

राजकीय कैदेचे कागद या सर्वांहून वेगळे काढावेत. सखारामबापू बोकील यांस १७७९ सालीं अटक झाली. सिंहगड, प्रतापगड व रायगड असे किल्ले पाहून १७८१ त रायगडावर त्यांचा अंत झाला. अशा बंदिवानाच्या कागदांत मसाला नाहीं, हाजिरजामीन नाहीं, बहुधा तकरीरही नाहीं. आहे ती किल्ल्यावरील हवालदारास दिलेली बंदोबस्ताची ताकीद. किल्ल्यांवरील कैद्यांस रोजचा शिधा काय द्यावा याविषयींचे हुकूम पेशव्यांच्या रोजनिशींत छापून निघाले आहेत. डाळ-तांदुळाचा हिशेब आहे. कैद किती दिवसांची, याचा पुष्कळदां पत्ता नाहीं.

येथेंच जुन्या व्यवस्थेचें खरें वैगुण्य दिसतें. कां धरलें हें चिठींत लिहिलेंच पाहिजे असा नियम नव्हता, आणि धरल्यापासून किती वेळांत न्यायाधीशापुढें उभें करावें याचाही नव्हता. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा पुरुष न्यायासनावर असे तोंवर त्याच्या करारीपणानें ही उणीव झांकली जाई. परंतु नियमाची जागा माणसानें भरून काढली म्हणजे तो माणूस गेल्यावर जागा रिकामीच राहते. १७९१ सालीं पुण्यांत घाशीराम कोतवालानें परदेशीं आलेल्या तेलंगी ब्राह्मणांस चोरीच्या आळावरून कोंडून ठेविलें आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले, हें प्रकरण सर्वश्रुत आहे. त्या कोंडलेल्यांवर कोणतीही रीतसर तोहमत शाबीत झाली नव्हती. पुढें लोक खवळले, घाशीराम त्यांच्या हवालीं झाला आणि दगडांनीं ठेचला गेला. आजवर या प्रकरणाकडे एका दुष्ट अधिकाऱ्याची कथा म्हणून पाहिलें जातें. दप्तराच्या दृष्टीनें पाहिलें तर ती मुदत नसलेल्या अटकेची कथा आहे. 

पेशवाई १८१८ त गेली. दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टननें, गुन्ह्याच्या चौकशीस येथें ठराविक पद्धति नाहीं, असें लिहून ठेविलें, आणि मुंबई इलाख्यासाठीं १८२७ त त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला कायद्यांचा संग्रह झाला. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं फौजदारी कामाचा कायदा प्रथम १८६१ त, मग १८७२, १८८२ व १८९८ त असा पुनःपुन्हां घडविला गेला; स्वतंत्र भारतांत १९७३ चा कायदा त्याच्या जागीं आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आहे. या सर्वांत पकडवॉरंटाचीं लक्षणें फारशीं बदललेलीं नाहींत : तें लेखी असावें, न्यायाधिकाऱ्याची सही व न्यायालयाचा शिक्का असावा, पकडणाऱ्यानें त्यांतील मजकूर पकडल्या जाणाऱ्यास सांगावा, आणि जामीन घेऊन सोडावयाचें असल्यास तसा शेरा त्यावरच असावा. पकडलेल्यास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत न्यायाधिकाऱ्यापुढें नेलें पाहिजे, हा नियम तर १९५० पासून राज्यघटनेंतच आहे. गंभीर अपराधांत पोलिसांस वॉरंटावांचूनही पकडतां येतें. परंतु चोवीस तासांची मर्यादा तेथेंही सुटत नाहीं.

जुन्या तलबचिठीशीं ताडून पाहतां दोन फरक ठळक दिसतात. पहिला, आणणाऱ्याचें वेतन आतां सरकारी तिजोरींतून निघतें, म्हणून वॉरंटावर मसाल्याचा आंकडा नाहीं. दुसरा, आरोपाचा कागद अटकेच्या कागदापासून तुटून स्वतंत्र झाला. मुद्रा किंवा पुरुष या स्मृतींतील विकल्पाचा मात्र समुच्चय झाला आहे. शिक्काही असतो आणि शिपाईही येतो. पेरणीच्या दिवसांतील शेतकऱ्यास दिलेली नारदाची सवलत मात्र कोणत्याच नव्या कायद्यानें उचलली नाहीं.

संग्राहकांस एवढेंच सांगावयाचें कीं, तलबचिठी मिळाल्यास ती सुटी विकूं अगर चिकटवूं नये. वहींत डिंकानें बसविलेला असा कागद निम्मा मेलेला असतो. कारण मसाला पावल्याची नोंद, हजर झाल्याचा शेरा किंवा जामीन घेऊन सोडल्याचा मजकूर पुष्कळदां पाठीवर असतो, आणि तो माणूस सुटला कीं अडकला हें तेवढ्यावरूनच कळतें. यादींत ‘दंड’ न लिहितां ‘तलब, मसाला रुपये अमुक’ असें मूळ शब्दांनीं लिहावें, ढालाइताचें नांव व दिमत गाळूं नये, आणि त्याच रुमालांत हरकी, गुन्हेगारी, मुचलका किंवा कतबा यांपैकीं काय आहे तें त्याच नोंदीखालीं टिपून ठेवावें.